वार, धूर आणि शिसं: गरोदरपणात घरातलं प्रदूषण कसं कमी करायचं

गर्भातल्या बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळतं ते वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून. पूर्ण दिवस भरलेली वार साधारण ५०० ग्रॅमची असते आणि तिचा व्यास २० ते २२ सेंटिमीटर भरतो. आतल्या केसांसारख्या बारीक रक्तांकुरांचा पृष्ठभाग मोजला तर तो दहा-बारा चौरस मीटर होतो, म्हणजे एका बेताच्या खोलीची फरशीच. शेवटच्या महिन्यांत आईचं मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त या अंकुरांवरून वाहतं. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये पेशींचा पातळ पडदा असतो. तो बरेच जंतू अडवतो. पण शिसं, पारा, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला जुमानत नाहीत.

अपाय तीन वाटांनी होतो. काही पदार्थ थेट बाळापर्यंत पोचतात. शिसं बाराव्या-चौदाव्या आठवड्यापासून सरळ पलीकडे जातं. माशांमधून येणाऱ्या पाऱ्याचं प्रमाण तर नाळेच्या रक्तात आईपेक्षाही जास्त सापडतं. काही पदार्थ वारेतच अडकतात. कॅडमियम हा विषारी धातू त्याचं ठळक उदाहरण: तो वारेत साठतो आणि बाळाकडे जाणाऱ्या जस्ताची वाट अडवतो. तिसरी वाट सहसा लक्षात येत नाही. पहिल्या वीस-बावीस आठवड्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या वळणदार धमन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद करतात, म्हणजे पुढे भरपूर रक्त सहज येतं. हे काम अर्धवट राहिलं तर नंतर आईचं बीपी वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं आणि बाळाची वाढ खुंटणं असे प्रकार घडतात. धूर आणि तंबाखू यांचा संबंध याच टप्प्याशी असावा, असं मानायला बरीच कारणं आहेत.

म्हणून सुरुवात लवकर हवी. ‘सातव्यात माहेरी गेले की चूल सुटेल’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण वारेचा पाया तोवर घातला गेलेला असतो. मूल हवं असं ठरवलं तेव्हापासून पुढची कामं हाती घ्यावीत, आणि ते जमलं नसेल तर पाळी चुकल्यापासून.

बातम्यांबद्दल एक खुलासा. २०१९ मध्ये बेल्जियमच्या हॅसेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. २०२१ मध्ये इटलीत तपासलेल्या सहापैकी चार वारांमध्ये सूक्ष्म प्लास्टिक मिळालं. तेव्हापासून ‘वारेत प्लास्टिक’ हा मथळा फिरतो आहे. त्या प्लास्टिकमुळे बाळाला नेमकं काय होतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, धूर, शिसं, पारा आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं नुकसान मात्र नीट माहीत आहे. आपल्याकडच्या घरांत हेच जास्त आहे आणि हटवताही येतं. पाण्याची बाटली बदलण्याआधी मशेरीची डबी टाकावी, हा क्रम.

पायरी १: घराची फेरी

एक दिवस कागद-पेन घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय काय जळतं ते लिहा: चूल, बंब, शेगडी, गॅस गीझर, उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, बिडी-सिगारेट, अंगणात जाळलेला पालापाचोळा. दुसऱ्या रकान्यात तोंडात आणि अंगावर जाणारं लिहा: मशेरी, तंबाखू, शेंदूर, सुरमा, भस्म, काढे, सुटी हळद, कल्हईची भांडी. तिसऱ्यात घरातल्या प्रत्येकाचं काम. नवरा बॅटरीच्या दुकानात असेल, दीर फवारणीला जात असेल, सासरे सोनारकाम करत असतील, तर त्यांच्या कपड्यांवरून कामाची धूळ घरात येते. सोन्याच्या ‘केडीएम’ डागकामात कॅडमियम वापरलं जायचं आणि जुन्या पद्धतीने काम करणाऱ्यांकडे ते अजून असू शकतं. घराच्या पडवीतच भट्टी असेल तर गरोदर बाईने त्या बाजूला फिरकू नये.

पायरी २: धूर

गॅस घरात आहे म्हणजे धूर गेला, असं समजू नका. बहुतेक घरांत गॅसवर चहा-भाजी होते आणि भाकरी, डाळ, जनावरांचं आंबोण व आंघोळीचं पाणी चुलीवर. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट मिळतात, सिलेंडरला पैसे पडतात, त्यामुळे हे होणारच. पण धुराचा मोठा वाटा नेमका या उरलेल्या कामांतून येतो.

सगळं एकदम गॅसवर आणणं परवडत नसेल तर आधी बंब हलवा. आंघोळीचं पाणी तापवायला रोज तासभर जाळ लागतो आणि त्याचं चवीशी काही देणंघेणं नसतं. बंब घरापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा आणि पेटवायचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. मग भाकरी गॅसवर आणा: जाड लोखंडी तवा आधी पाच मिनिटं मध्यम आचेवर तापवायचा, भाकरीला पाणी लावून उलटायची आणि शेवटी जाळीवर थेट आचेवर फुगवायची. पहिल्या काही भाकऱ्या कडक होतील, कारण गॅसची आच मधोमध एकवटते. तवा अधूनमधून फिरवला की जमतं.

चूल ठेवावीच लागली तर ती उघड्या पडवीत हवी. कोरडी आणि बारीक फोडलेली लाकडं वापरा. ओलं लाकूड, गोवऱ्या आणि प्लास्टिकचा कागद घालून पेटवलेला जाळ सगळ्यात वाईट. स्वयंपाकघराला धुराडं असेल तर ते वर्षातून दोनदा झाडा, काजळीने भरलेलं धुराडं धूर परत खोलीतच ढकलतं. फुंकणीने जाळ फुंकताना तोंड धुराच्या अगदी जवळ जातं, ते काम गरोदर बाईने करूच नये.

गॅसने किती फरक पडतो? तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना गॅस आणि सिलेंडर मोफत दिले. त्यांच्या श्वासातले बारीक कण, म्हणजे पीएम २.५, दर घनमीटरला सुमारे २४ मायक्रोग्रॅमवर आले, चुलीवाल्यांचे ७० च्या आसपास राहिले. तरी २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षात बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून चूल निर्धोक आहे असं ठरवणं घाईचं होईल. त्या स्त्रियांना गॅस नवव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान मिळाला होता, आणि २४ हा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या २४ तासांच्या १५ या मर्यादेच्या वरच आहे. लवकर आणि जवळजवळ पूर्ण बदल करावा, असा आमचा त्यावरून निष्कर्ष.

कॉइलकडे लोक दुर्लक्ष करतात. एक मच्छर कॉइल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात, असं मोजमाप आहे. बंद खोलीत रात्रभर जळणारी कॉइल चुलीपेक्षा कमी नाही. मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली खोचा. उदबत्ती-धूप उंबऱ्याबाहेर किंवा खिडकी उघडी ठेवून, एखादीच.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल तर तो आजच बाहेर हलवा. अपुऱ्या हवेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. बाळाचं हिमोग्लोबिन त्याला आईपेक्षा घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे आई सावरली तरी बाळाच्या रक्तातून तो जायला जास्त वेळ लागतो. आंघोळीनंतर डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं ‘दिवस गेलेत, होतंच’ म्हणून सोडून दिली जातात. घरातल्या दुसऱ्या कोणालाही त्याच वेळी डोकेदुखी होत असेल तर संशय गीझरवर घ्या. बाहेर मोकळ्या हवेत या आणि थेट दवाखान्यात जा. अशा वेळी गरोदर स्त्रीला प्राणवायू इतरांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी परतू नका. बाळंतिणीच्या बंद खोलीतली कोळशाची शेगडीही याच यादीतली.

पायरी ३: मशेरी आणि तंबाखू

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच बायका मशेरीला व्यसन मानतच नाहीत, दात घासायची पूड मानतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ही पूड हिरड्यांवर दहा-पंधरा मिनिटं राहते आणि निकोटीन तिथूनच रक्तात उतरतं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यांतल्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकींना मशेरीचीच सवय होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. तंबाखूसोबत कॅडमियमही शरीरात येतं.

सोडताना सकाळची पहिली वेळ सगळ्यात अवघड. पोट साफ होत नाही म्हणून मशेरी लागते, असं बऱ्याच जणी सांगतात. तिथे उठल्याबरोबर दोन भांडी कोमट पाणी आणि रात्री भिजवलेले मनुके असा पर्याय आधी बसवा, मग मशेरी सोडा. दुपारची आणि रात्रीची वेळ पहिल्या आठवड्यात बंद, सकाळची दुसऱ्या आठवड्यात. दात नेहमीच्या पेस्टने घासा. ‘आयुर्वेदिक’ लाल-काळी दंतमंजनं घेताना डबीवरचे घटक वाचा, काहींत तंबाखू असते. चिडचिड आणि डोकेदुखी पहिले तीन-चार दिवस जास्त जाणवते, मग ओसरते. मदतीला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक मोफत आहे. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगम स्वतःहून घेऊ नका. नवऱ्याने घरात बिडी ओढणं बंद करायचं. खिडकीत उभं राहून ओढणं म्हणजे बंद करणं नव्हे.

पायरी ४: शिसं

याला जास्त जागा देतो आहोत, कारण ते दिसत नाही, त्याची चव लागत नाही आणि ते येतं ते चांगल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तूंतून. शरीरातलं बहुतेक शिसं हाडांत साठलेलं असतं. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि त्याबरोबर जुनं शिसंही रक्तात येतं. लहानपणी शिशाच्या कामाच्या वस्तीत वाढलेल्या मुलीला हा त्रास वीस वर्षांनीही होऊ शकतो.

हळद: फिकट किंवा किडकी हळकुंडं चकचकीत पिवळी दिसावीत म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग चोळण्याचा प्रकार दक्षिण आशियात सापडलेला आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. कारवाई आणि जनजागृतीनंतर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं, म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबतं. भारतात पाटण्याच्या काही नमुन्यांत फार जास्त शिसं आढळलं आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. सांगली-हिंगोलीकडून ओळखीच्या शेतकऱ्याकडची हळद मिळत असेल तर पॉलिश न केलेली, मंद रंगाची, खरखरीत सालीची हळकुंडं घ्या आणि गिरणीतून दळून आणा. हाताला गडद पिवळी पूड लागणारी, गरजेपेक्षा चमकणारी हळकुंडं नकोत. पाण्यात चमचाभर हळद टाकून बघायची घरगुती चाचणी रंगाची भेसळ ढोबळ दाखवते, शिसं आहे की नाही हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

शेंदूर: मारुती-गणपतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. देवाला लावायला हरकत नाही, पण गरोदर बाईने तो हाताळू नये, आणि घरातल्या इतरांनी लावल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. भांगात भरायच्या सुट्या सिंदुरातही काही वेळा तोच असतो. दगडी सुरमा बहुधा शिशाचा असतो, तो डोळ्यांत नको.

भांडी: पितळी पातेल्याला कल्हई शुद्ध कथिलाची हवी. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे मिसळ होते आणि चिंच-कोकमाच्या आमटीत ती उतरते. कल्हईवाल्याची खात्री नसेल तर या महिन्यांत आंबट पदार्थ स्टीलमध्ये करा. भंगारातून ओतलेली, छाप नसलेली ॲल्युमिनियमची जड पातेली बाजूला ठेवा. त्यात काय काय वितळवलं आहे, ते ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

औषधं: नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. रसौषधींमध्ये पारा असतो. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ या काळात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, कारण होतं भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं. परदेशात राहणाऱ्या लेकी-सुनांना इथून डबे पाठवताना हे लक्षात असू द्या. ‘मुलगा होण्यासाठी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या तर कोणत्याही परिस्थितीत नकोत.

रंग: घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे आणि हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या तैलरंगाची दारं-खिडक्या बाळ येणार म्हणून घासायला काढू नका. घासताना उडणारी धूळ जुन्या रंगापेक्षा घातक. पोपडे निघत असतील तर ओल्या फडक्याने टिपा. झाडू मारू नका.

पायरी ५: मासे, पाणी, फवारणी

मासे सोडू नका. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी त्यातून चांगली मिळते. मोठे शिकारी मासे तेवढे टाळा: मोरी, मुशी, मोठी सुरमई. लहान माशांना खाऊन पारा मोठ्या माशात साठत जातो. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन जेवणं, निर्धास्त खा.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं चाचणी किट असतं, नसेल तर आशाताईंना विचारा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट उलट दाट होतं. कँडलचा किंवा यूव्हीचा फिल्टर इथे उपयोगाचा नाही, आरओ लागतो.

शेतात काम करणारीने फवारणीची द्रावणं कालवू नयेत, पंप धुवू नये आणि फवारलेल्या कपाशीत निंदायला जाऊ नये. ओल्या पानांवरचं औषध पायांच्या आणि हातांच्या कातडीतून शिरतं, वास येत नाही म्हणून गेलं असं होत नाही. लेबलवर दिलेला कालावधी पाळा. दोन-तीन औषधं एकत्र मारली असतील तर आठवडाभर ते रान वर्ज्य समजा. फवारणी करणाऱ्याने कपडे बाहेरच काढून स्वतः वेगळ्या बादलीत धुवावेत, आंघोळ करून मग घरात यावं. रिकाम्या डब्यांत पाणी किंवा धान्य ठेवायचं नाही.

प्लास्टिकचं थोडक्यात: गरम चहा पिशवीतून किंवा कागदी कपातून नको. खरगपूर आयआयटीच्या २०२० च्या प्रयोगात कागदी कपातल्या १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म कण सापडले. स्टीलचा डबा आणि काचेचा पेला वापरा, बाकीच्याची फार चिंता करू नका.

पायरी ६: बाहेरची हवा

मुंबई, पुणे, चंद्रपूरसारख्या शहरांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा जमिनीलगत कोंडते आणि पहाट सगळ्यात वाईट असते. या महिन्यांत फेरफटका उशिरा सकाळी किंवा दुपारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) दाखवतं: २०० च्या वर गेला तर बाहेरचा व्यायाम घरात, ३०० च्या वर बाहेर पडावं लागलंच तर घट्ट बसणारा एन ९५ मास्क. कापडी रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क बारीक कण नीट अडवत नाहीत. रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद, दुपारी उघडी.

पायरी ७: गोळ्या आणि तपासण्या

लोह कमी असलं की आतडं शिसं आणि कॅडमियम जास्त शोषतं, त्यामुळे रक्तवाढीची गोळी हे प्रदूषणाविरुद्धचंही औषध आहे. सरकारी योजनेत पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड, चौथ्यापासून लोह-फॉलिकची रोज एक गोळी किमान १८० दिवस, आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह वाया जातं. कॅल्शियम जेवणासोबत, लोह लिंबूपाण्याबरोबर. चहा तासाभराने. मेक्सिकोतल्या एका चाचणीत रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं होतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते. तिथे चूल, मशेरी, घरातल्यांचं काम आणि घेतलेली भस्मं-काढे स्वतःहून सांगा, डॉक्टर बहुधा विचारत नाहीत. घरात बॅटरीचं काम असेल किंवा भस्म घेतलं असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी मागा, शिरेतून काढलेल्या रक्ताची. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर स्रोत शोधून थांबवणं हा पहिला उपचार. शिसं बाहेर काढणारी औषधं ४५ च्या आसपास किंवा त्यापुढे विचारात घेतात आणि तीही मोठ्या रुग्णालयात.

वारेचं काम कसं चाललं आहे याचा अंदाज साध्या मोजमापांतून येतो: दर भेटीला बीपी आणि लघवी, चोविसाव्या आठवड्यानंतर टेपने मोजलेली पोटाची उंची. सेंटिमीटरचा आकडा आठवड्यांच्या जवळपास असावा, तीनहून जास्त मागे पडला तर वाढीची सोनोग्राफी आणि डॉप्लर (नाळेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी) करायला सांगतात. अठ्ठावीस आठवड्यांनंतर रोज एका ठरावीक वेळी, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर झोपून हालचाली मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, बीपी १४०/९० किंवा वर गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगड्यांखाली दुखू लागलं किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा.